मोळीचा फोटो

शिवकन्येनं फ्रान्सहून पाठवलेला एक फोटो मी मोबाइलमधून पुसून टाकला. मोबाइलनं विचारलं, नक्की पुसायचा का? मी अक्षरं लावून प्रश्न नीट वाचला आणि 'हो'वर बोट दाबलं. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही, माझ्या बायकोला, आमच्या विमलबाईलाही नाही.

शिवकन्या माझी नात, माझ्या पोराची, परमेश्वरची थोरली. पुण्याच्या कॉलेजात शिकते. तिथून निवडून तिला सहा महिन्यांसाठी फ्रान्समधल्या ल्यों नावाच्या शहरात कॉलेजला पाठवलं. चैत्रात तिथल्या कॉलेजांना पंधरा दिवस सुट्टी असते. थंडी सरते, झाडांना पालवी येते, तेव्हाची सुट्टी. आमच्याकडं त्याच दिवसांत ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यावरून गावात परततात आणि भैरवनाथाची जत्रा भरते. पोरगी म्हणाली, आबा, तुमच्या जत्रेच्या वेळी मी इकडं हिंडणार, खेड्यापाड्यांत. तिच्याकडं कॅमेरा होता, कॉलेजातल्या एका बाईंनी वापरून झालेला दिलेला. बसनं जायचं, पायी हिंडायचं आणि फोटो काढायचे असा तिचा बेत होता.

रोज एक-दोन फोटो यायचे. सकाळी स्टँडवर सोमनाथच्या हॉटेलात चहाला गेलो की मी मोबाइल पुढं करायचो. तिथं आमची पाच-सहा म्हाताऱ्यांची बैठक असते. त्यात बंकटही असतो. बंकट पूर्वी मुकादम होता. आम्हा तोडकऱ्यांच्या टोळ्या त्यानंच कारखान्यावर नेल्या. आता टोळी त्याचा पोरगा नेतो, पण बोलणं अजून मुकादमाचंच आहे.

पहिला फोटो आला तो दगडाच्या बांधाचा. बांधापलीकडं माळ, आणि माळावर द्राक्षाची बुटकी खोडं ओळीनं उभी. दुसऱ्या दिवशी शेळ्या आल्या. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा, गुडघ्यावर हात ठेवून बसलेला, नखांत माती. त्याचं नाव मार्सेल. शिवकन्या त्यांच्या घरी चार दिवस राहिली होती.

बंकटनं मोबाइल लांब धरून पाहिला आणि म्हणाला, "आसाराम, ह्यो तर आपल्याच डोंगरावरचा माळ दिसतोय. एवढ्या लांब इमानात बसून शेळ्या बघाया गेली व्हय? माझ्या दारात दहा बांधल्यात."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना तेच बोलणं डोक्यात राहिलं.

हॉटेलातल्यांचं म्हणणं होतं की फ्रान्स म्हटलं की टॉवर. तो लोखंडाचा उंच टॉवर सगळ्या दुनियेला माहीत आहे, पोरगी खरीच तिकडं असेल तर टॉवरखाली उभी राहून फोटो का काढत नाही? मी फोनवर तिला तसं विचारलं. ती म्हणाली, टॉवर पॅरिसला, मी खूप खाली आहे. आष्टीहून नागपूर जेवढं, तेवढं तरी लांब असेल. मी म्हणालो, तरी बघ, जमलं तर. तेव्हा ती म्हणाली, "आबा, टॉवरचे फोटो सगळ्यांकडं आहेत. या मार्सेल आजोबांचा कुणाकडंच नाही."

तिनं सांगितलं की त्यांच्याकडं पहिले दोन दिवस तिनं माणसांवर कॅमेरा धरलाच नव्हता. नुसतं त्यांच्याबरोबर बागेत काम केलं. तिसऱ्या दिवशी विचारलं आणि मग फोटो काढला. ती लहान असताना उसाच्या फडात कधी पेपरवाले यायचे, आम्ही जेवत असलो, बायका डोकं विंचरत असल्या, तरी न विचारता फोटो काढून जायचे. ते तिच्या ध्यानात राहिलं होतं. मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मी मात्र सकाळी हॉटेलात काय सांगू याच विचारात होतो.

आणि त्याच संध्याकाळी तो फोटो आला, मी पुसला तो.

फोटो मार्सेलच्या बायकोनं काढला होता. त्यात शिवकन्या स्वतः होती. अंगात पुरुषी शर्ट, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, आणि डोक्यावर द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांची मोळी. एक हात वर करून मोळी धरलेली. ऊन तोंडावर, आणि पोरगी हसत होती. खाली लिहिलं होतं, "आबा, बघा, विसरले नाही."

मी आयुष्यभर मोळ्या वाहिल्या. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, खाली वाकलं की मान गेली. माझ्या बायकोनं वाहिल्या, सुनेनं वाहिल्या, अजून वाहते. या पोरीच्या डोक्यावर मोळी चढू द्यायची नाही असं मी ठरवलेलं. आणि ती सात समुद्र ओलांडून जाऊन, हौसेनं, मोळी घेऊन उभी. बंकट हा फोटो बघून काय म्हणेल ते मला आधीच ऐकू यायला लागलं. मी फोटो पुसला.

दुसऱ्या दिवशी फोनवर तिला म्हणालो, असले फोटो पाठवत जाऊ नको, लोक नावं ठेवतात, मोळ्या वाहायलाच गेली का म्हणतील.  ती नुसतं "बरं" म्हणाली. तिचं ते 'बरं' मला ओळखीचं होतं. तिच्या आईचं तसंच असतं.

त्यानंतर दोन दिवस फोटो आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी हॉटेलात मी मोबाइल काढला नाही, तेव्हा बंकटनं विचारलं, फोटो बंद झाले का. मी म्हणालो, परीक्षा असेल. तो म्हणाला, सुट्टी हाय म्हणत होतास की. मग बशीतला चहा संपवून, मिशा पुसून म्हणाला, "चौकशी कर रे. पुण्याच्याच कडंला कुणाच्या मळ्यात असायची. पोरीचं काय सांगता येतं?"

या वेळी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सोमनाथ उगाच फडक्यानं टेबल पुसत राहिला. तिथं बसलेल्या प्रत्येकानं ते मनात ठेवून घेतलं, हे मला दिसलं. संध्याकाळपर्यंत ते बायकांत जाणार, जत्रेला आलेल्या पाहुण्यांत जाणार, आणि परमेश्वर कारखान्यावरून येईल तेव्हा वेशीवरच त्याच्या कानावर पडणार.

मी तसाच उठलो आणि जीपनं तालुक्याला, आष्टीला गेलो. फ्लेक्सच्या दुकानात.

दुकानातला माणूस कॉम्प्युटरवर बसलेला. जत्रेचे दिवस, त्यामुळं कुस्त्यांचे, देणगीदारांचे, वाढदिवसांचे फ्लेक्स एकावर एक पडलेले. मी म्हणालो, नातीचा अभिनंदनाचा करायचा आहे, फ्रान्सला शिकते. मोबाइलमध्ये तिचा विमानतळावरचा फोटो होता तो दिला. त्यानं विचारलं, मागं टॉवर टाकायचा का? मी म्हणालो, टाका. त्यानं विचारलं, पोरगी टॉवरपुढं उभी दाखवायची का? मी म्हणालो, तसं होतं का? तो हसला. म्हणाला, तोंड तेवढं मिळालं की झालं, अंगं आमच्याकडं तयार असतात.

मग त्यानं तयार अंगं दाखवली. एक कोटातलं, एक फुलांच्या झग्यातलं, एक अर्ध्या बाहीच्या शर्टातलं, हात वर करून टाटा करणारं. मला ते तिसरं साधं वाटलं. त्यावर शिवकन्येचं तोंड बसलं. मानेजवळ त्यानं थोडं रंगवलं. मागं टॉवर, वर निळं आभाळ.

खाली मजकूर आला. मी खुर्ची पुढं ओढून एकेक अक्षर वाचलं. मी साठीच्या जवळ आल्यावर अक्षरं शिकलो, त्यामुळं वाचताना अजून बोट लागतं. 'उच्च शिक्षणासाठी फ्रान्स येथे गेलेली आमच्या गावची सुकन्या'. एका ठिकाणी काना राहिला होता, तो मी घालायला लावला. दुकानदार म्हणाला, बाबा, तुमची नजर बारीक आहे. मी खूश झालो. अक्षरं तपासली, आणि फ्लेक्स पास केला.

खाली शुभेच्छुकांचे फोटो लावायची रीत आहे. फ्लेक्स छापून यायच्या आधीच बंकटला कळलं आणि त्यानं स्वतःहून आपला फोटो दुकानात पाठवला. दोन दिवसांपूर्वी तो काय बोलला ते तो विसरला होता, किंवा मला विसरायला लावत होता. मीही विसरलो. फेटा बांधलेला बंकट फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्यात आला.

जत्रेच्या आधी दोन दिवस फ्लेक्स वेशीवर चढला. पोरं खाली उभी राहून फोटो काढायला लागली. बंकटनं माझ्या पाठीवर हात ठेवला. सरपंचाचा पुतण्या सोमेश्वर, त्यानं त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला, आणि शिवकन्येलाही पाठवला, अभिनंदन म्हणून. हे मला माहीत नव्हतं. ती बघेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फ्लेक्स गावासाठी होता.

दुपारी तिचा मेसेज आला. आधी मी तो फोटो असेल म्हणून घाईनं उघडला. चारच शब्द होते.

"आबा, ती कोण आहे?"

मी ते तीनदा वाचलं. उत्तर लिहायला गेलो. ती तूच आहेस, असं लिहावं तर ती नव्हती. मोबाइल भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि शेताकडं निघून गेलो. संध्याकाळी विमलबाई म्हणाली, फोन वाजत होता. मी म्हणालो, वाजू दे. 

दुसऱ्या दिवशी सकाळी परमेश्वरचा ट्रक आला. सहा महिन्यांचा संसार घेऊन माणसं उतरली, पत्रे, भांडी, एक कालवड, झोपलेली लेकरं. मी वेशीवरच थांबलो होतो. परमेश्वरनं वर पाहिलं आणि त्याचं तोंड उजळलं. तो टोळीतल्यांना बोलावून दाखवायला लागला, ही आमची शिवकन्या, ह्यो फ्रान्सचा टॉवर. मला वाटलं, चला, एवढ्यासाठी तरी केलं ते बरं झालं.

सूनबाई मागून आली. डोक्यावर बोचकं होतं. तिला अक्षर येत नाही. ती फ्लेक्सखाली थांबली आणि बोचक्यासकट मान वर करून बघत राहिली. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं वळली.

"मामा, तोंड माझ्या लेकीचं हाय. हात कुणाचा हाय?"

परमेश्वर म्हणाला, अगं तिचाच की, असं काय करतीस.

ती म्हणाली, "न्हाई. माझ्या लेकीच्या हातावर कोयता हाय."

मी वर पाहिलं. टाटा करणारा डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत गोरा, गुळगुळीत होता. मी तो दुकानात पाहिला होता, वेशीवर चढवताना पाहिला होता, आणि पाहिला नव्हता.

शिवकन्येच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटं लांबीचा वण आहे. तो माझ्या कोयत्याचा आहे. ती नऊ वर्षांची होती. गावात ठेवायला कुणी नाही म्हणून आम्ही तिला फडावर नेलं होतं. ती माझ्या मागं मागं उसाचे हिरवे शेंडे, वाढे, गोळा करत होती. मी मागं बघितलं नाही. कोयता उचलला आणि खाली आणताना तो उसाला लागायच्या आधी तिला लागला. ती ओरडलीही नाही, नुसती "आबा" म्हणाली. मी पटका सोडून हाताला गुंडाळला, ट्रॅक्टरवरून दवाखाना गाठला. टाके पडले. हात वाचला.

त्यानंतर मी कोयता हातात धरला नाही. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर सगळा गाव तोडीला गेला, विमलबाईसुद्धा. आणि मी तिला घेऊन घरी राहिलो, तिची शाळा बुडू नये म्हणून. ओसाड गावात आम्ही दोघंच असल्यासारखे. तिचं दुसरीचं जुनं पुस्तक, आणि तीच माझी मास्तरीण. माझी सगळी अक्षरं त्या हातानं गिरवून घेतलेली आहेत.

सूनबाईनं त्या कोयत्याबद्दल मला एका शब्दानं कधी विचारलं नव्हतं. बारा वर्षं झाली. मी फडात तिच्यापुढं हात जोडले होते तेव्हाही ती काही बोलली नव्हती. आज पहिल्यांदा तिनं तो शब्द काढला, तोही वेशीवर, साऱ्या टोळीसमोर, आणि मला दोष द्यायला नाही, लेक ओळखायला.

तिथं उभं राहिल्या राहिल्या मला माझंच एक खोटं सापडलं. मी तो फोटो मोळीसाठी पुसला नव्हता. मोळी तर वर होती. फोटोच्या मधोमध तिचा वर केलेला डावा हात होता, बाही दुमडलेली, आणि वणावर ऊन पडलेलं. ती तो लपवत नव्हती. मला तो बघवला नाही, आणि मी लोकांचं नाव पुढं केलं.

मी सूनबाईला म्हणालो, मी केलंय हे. ती म्हणाली, "बरं." आणि बोचकं घेऊन घराकडं गेली.

जत्रेच्या दिवशी सकाळी, हलग्या वाजायला सुरुवात झाली तेव्हा मी सोमनाथकडून शिडी मागून आणली आणि वेशीला लावली. वर चढून एका बाजूची सुतळी सोडली तोच बंकट खाली आला.

"काढतो कावून? आज तर जत्रा हाय. माझाबी फोटो हाय त्याच्यात."

मी म्हणालो, "तुझा तेवढा कापून देतो."

लोक जमले.  बंकट पुन्हा विचारायला लागला, काय झालं, कुणी काय बोललं का. तेव्हा मी खाली न बघता सांगितलं, "तोंड पोरीचं हाय. बाकी समदं मी आष्टीतून करून आणलंय. ती टॉवरला गेलीच न्हाई. शेळ्या खऱ्या हायत."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. बंकट म्हणाला, म्हणजे फ्रान्सबी आष्टीतूनच आणला का.  त्याचं तोंड बंद करील असं माझ्याजवळ काही नव्हतं. होतं ते मी पुसून टाकलं होतं. परमेश्वर गर्दीत मागं उभा होता. त्यानं मान खाली घातली. पण थोड्या वेळानं तोच पुढं आला आणि शिडी धरली, मी पडू नये म्हणून.

फ्लेक्स विमलबाईनं कडब्याच्या गंजीवर टाकला, टॉवरची बाजू आत करून. एक कोपरा उलटून तो गुळगुळीत हात बाहेर आला होता. तिनं तो आत दुमडला आणि वर दगड ठेवला. मला म्हणाली, "अक्षरं शिकलात, पर बघाया न्हाई शिकलात." मग जत्रेच्या स्वयंपाकाला लागली.

दुपारी मी ओट्यावर बसून शिवकन्येला लिहिलं. मला एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात. लिहिलं, 'ती कोण आहे मला माहीत नाही. मी दुकानातून आणली. आज काढून टाकली.' ते पाठवलं. मग पुन्हा लिहिलं, 'तुझा मोळीचा फोटो मी पुसला. मोळीसाठी नाही. हातासाठी. परत पाठवशील का?' हे लिहून बराच वेळ तसंच ठेवलं. एकदा 'हातासाठी' पुसलं. पुन्हा लिहिलं. आणि पाठवलं.

तिनं वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. पालखी देवळातून निघाली, आमच्या दारावरून गेली, सूनबाईनं पाणी घातलं, ओवाळलं, तरी आलं नाही. मी मोबाइल हातातच धरून बसलो होतो. तिनं नाही पाठवला तर मी काही म्हणणार नव्हतो.

पालखी वळल्यावर फोटो आला. खाली एक शब्दही नव्हता. फक्त फोटो.

सूनबाई ओवाळायचं ताट आत ठेवून बाहेर आली. मी मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं हात पदराला पुसले आणि मोबाइल दोन्ही हातांत घेतला. बघत राहिली. मला वाटलं, वणाकडं बघते. मग ती म्हणाली, "मोळीचा बांध सैल हाय, मामा. एका हातानं मोळी धरत्यात व्हय? चार पावलांवर सुटली असंल. कुणी शिकवलंच न्हाई तिला."

मी म्हणालो, "मीच शिकू दिलं न्हाई."

ती अजून फोटोच बघत होती.

"ते बरं केलं," ती म्हणाली.

तिनं मोबाइल परत द्यायला हात पुढं केला. मला तो घेताना तिच्याकडं वर बघता आलं नाही.